आधी जमिनीकडे बघा

या, बसा असे. काल रात्री समोरच्या बंद वाड्यातून फिस्स-फिस्स ऐकून गोधडीत शिरलात ना दोघं? साप नव्हता तो. भूत तर नव्हतंच; भुतांना एवढी भूक लागत नाही.

शहरात एखादं पाखरू कुठल्या इमारतीत मुक्कामाला आहे ते शोधायचं, तर नुसती मान वर करून भागत नाही. आधी जमिनीकडे बघायचं. सकाळी मी त्या वाड्याच्या देवडीपाशी जाऊन आलो. भिंतीवर पांढरे ओघळ, कुणी चुन्याचा कुंचला झटकावा तसे. पारव्यांचं असं नसतं, त्यांच्या घाणीचे ढीग साचतात. आणि ओघळांखाली ही अंगठ्याएवढी काळी गोळी! नाक कसलं मुरडता? शी नाही ती.

गव्हाणी घुबड उंदीर अख्खाच गिळतं. मांस पचतं, हाडं नि केस पचत नाहीत. त्यांची पोटात गोळी वळली जाते आणि घुबड ती चोचीतून बाहेर टाकतं. कोमट पाण्यात भिजवली आहे, आता काडीने उलगडा. हळू रे! निघाली ना कवटी? पुढच्या दातांना नारिंगी झाक आणि दाढांच्या आधी मोकळी जागा, म्हणजे हा उंदीर. ही दुसरी बघ, दात टोकदार, मध्ये जागाच नाही. ही चिचुंद्री.

अंधारात दिसतं कसं, म्हणतेस? दिसायची गरजच नाही. त्याचा एक कान जरा वर, एक जरा खाली; त्यामुळे आवाज किती उंचीवरून आला तेही कळतं. अमेरिकेत रॉजर पेन यांनी (पुढे देवमाशांची गाणी ऐकणारे ते हेच) मिट्ट काळोखाच्या खोलीत पाला पसरून उंदीर सोडला. पाला खसखसला, घुबडाची झडप! मग त्यांनी पाल्यातून कागदाचा बोळा ओढला. घुबडाने तोही धरला. कागदाला ना उंदराचा वास, ना अंगाची ऊब. मला तर हा बोळाच फार आवडतो.

आज दिवेलागणीला ओट्यावर बसू. बोलायचं नाही, बॅटरी मारायची नाही. फुटक्या खिडकीतून पांढरं काहीतरी निघेल, पंखांचा आवाजसुद्धा न करता. वाड्यात मात्र कुणी शिरायचं नाही, फिस्स करणारी पिल्लं आहेत आत. उठा आता, साबणाने हात धुऊन या.