शिरांतल्या झडपा आणि पोटरीचा पंप



गेल्या पावसाळ्यात रोप लावणीच्या दिवसांत आपल्या धर्मग्रामातील एका बाईंच्या पायाची शीर फुटली. सकाळपासून त्या चिखलात वाकून उभ्या होत्या. पाण्याला लाली दिसली तेव्हा त्यांना वाटले, जळू लागली असेल. दुखत तर काहीच नव्हते. बांधावर येऊन पाहतात तो घोट्याच्या वर फुगलेल्या शिरेतून रक्ताची धार लागलेली. घरधन्यांनी घाईघाईने बैलाचे दावे घेतले आणि गुडघ्याखाली आवळून बांधले. रक्त थांबण्याऐवजी अधिकच वाहू लागले.

कोणीतरी धावत जाऊन दवाखान्याच्या सिस्टरांना घेऊन आले. त्यांनी आधी दावे सोडले. मग बाईंना बांधावर उताणे निजवले, पाय पालथ्या बुट्टीवर उंच ठेवला आणि स्वच्छ कापडाची घडी जखमेवर धरून दाबली. मध्ये एकदाही उचलून पाहिली नाही. दहा-पंधरा मिनिटांत रक्त बंद झाले. मी पोचलो तेव्हा बाई चहा पीत होत्या आणि घरधनी मला विचारत होते, "फादर, बांधल्यावर रक्त थांबायचे सोडून वाढले कसे?"

प्रश्न मोठा चांगला आहे. चारशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने दोरी बांधूनच रक्ताचा मार्ग शोधून काढला होता.

त्याचे नाव विल्यम हार्वे. हा इंग्लंडचा, पण वैद्यकी शिकला इटलीतील पादुआ येथे. सन १६०२ मध्ये त्याने तेथून पदवी घेतली. त्याचे गुरू फाब्रिचियुस यांनी सन १६०३ मध्ये शिरांच्या आतील बारीक पडद्यांवर पुस्तक छापले. त्यांना ते पडदे दिसले, पण काम उमगले नाही. पायाकडे एकदम रक्त जाऊ नये म्हणून ते अडवतात, असे त्यांना वाटले. त्या काळी सर्वांचीच समजूत अशी होती की, यकृत अन्नापासून रक्त तयार करते आणि शेताने पाणी प्यावे तसे अंग ते पिऊन टाकते.

हार्वेने हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला जेवढे रक्त टाकते त्याला अर्ध्या तासातील ठोक्यांनी गुणले, तर साऱ्या अंगात नाही एवढे रक्त होते. एवढे रक्त कोणते अन्न पुरवणार? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. सन १६२८ मध्ये त्याने हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आज आपल्याला ठाऊक आहे की, मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदयही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते.

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या त्या धमन्या. त्या जाड भिंतीच्या, बहुतेक खोलवर असतात आणि त्यांत दाब मोठा. परत आणणाऱ्या त्या शिरा. त्या पातळ भिंतीच्या, पुष्कळशा कातडीलगत असतात आणि त्यांत दाब कमी. (शिरांतले रक्त निळे नसते, काळपट तांबडे असते. निळेपणा कातडीतून पाहिल्यामुळे दिसतो.) दोरी बेताची आवळली की वरची पातळ शीर आधी मिटते, खोल धमनी चालूच राहते. पाटाचे पाणी वाफ्यात येतच आहे आणि बाहेर जाण्याची मोरी तुम्ही बुजवलीत, तर पाणी कोठून जाईल? जेथे बांध फुटला आहे तेथूनच! दाव्याने हेच केले. सर्प चावल्यावरही दोरी बांधू नये, असेच आज डॉक्टर सांगतात. त्याची कारणे आणखी आहेत, पण ती पुन्हा कधीतरी.

धमनीतले रक्त शिरेत जाते कोणत्या वाटेने, हे मात्र हार्वेला दिसले नाही. तो सन १६५७ मध्ये वारला. सन १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या आणि तुटलेला दुवा जुळला. याच माल्पिगीला पुढे सन १६९१ मध्ये पोप इनोसंट बारावे यांनी आपला वैद्य म्हणून रोमला बोलावून घेतले.

आता ते पडदे. आपल्या विहिरीवरच्या पंपाच्या पाइपाला तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ द्यायचे, खाली येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. पायाच्या शिरांत अशा झडपा थोड्या थोड्या अंतरावर असतात. वर ढकलणारा पंप म्हणजे आपली पोटरी. पाऊल टाकले की पोटरीचा स्नायू आवळतो, खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त एक झडप वर चढते. स्थिर उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर इतका असतो, तो चालू लागल्यावर ३० च्या आसपास उतरतो. म्हणजे पायाला चालण्याचा त्रास नाही, एका जागी उभे राहण्याचा आहे. मिस्साच्या वेळी मुले चक्कर येऊन पडतात, तेथेही बहुधा रक्त पायांत साठून डोक्याला कमी पडलेले असते. अशा मुलाला उचलून बसवू नका. तसेच निजू द्या आणि पाय वर धरा.

काहींच्या झडपा जन्मजात कच्च्या असतात, काहींच्या बाळंतपणांनी, वयाने, वजनाने किंवा वर्षानुवर्षे उभ्याच्या कामाने बिघडतात. फूटव्हॉल्व्ह गळू लागला की काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. रक्त खाली उतरते, शिरा गाठीगाठींनी फुगतात, संध्याकाळी पाय जड होतो. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, खाजते, आणि एखाद्या काट्याचे निमित्त होऊन तेथे जखम पडते, ती महिनोन्‌महिने भरत नाही. त्या जखमेवर चुना, तंबाखू, ठेचलेला पाला लावलेला मी पाहिला आहे. दोष वरच्या शिरेत आहे, खाली लेप लावून तो कसा जाणार? दाखल्यातील शोमरोनी माणसाने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, तो त्याच्या काळचा उपाय होता. आपण स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. आज फुगलेल्या शिरेवर शस्त्रक्रिया होते, लेसरनेही ती आतून बंद करता येते. खोल शिरा चांगल्या असतील तर रक्त त्या वाटेने जाते.

रोजचे म्हणाल तर लावणीत अधूनमधून बांधावर येऊन चार पावले चालावे, टाचा वरखाली कराव्यात. दुपारी पाठीवर निजून पाय छातीपेक्षा उंच ठेवावेत. आणि ज्यांना हा त्रास आहे त्यांनी मिस्सात उभे राहण्याच्या वेळी खुशाल बसावे. झावळ्यांच्या रविवारी आणि शुभ शुक्रवारी दुःखसहनाचे वाचन लांबते, तेव्हा तर बसावेच. कोणी मागे वळून पाहिले तर मी सांगेन त्यांना.

एक गोष्ट मात्र वेगळी आणि धोक्याची आहे. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, विशेषतः बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर, तर खोल शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. आपल्या घरांतून अशा वेळी तेल कोमट करून पाय चोळण्याची पद्धत आहे. कृपा करून चोळू नका. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तासभरही थांबू नये.

क्रेप बँडेजाविषयी पुष्कळजण विचारतात. ते सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पाय सुजलेला नसताना, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत गुंडाळावे. घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल. उलटे बांधले तर त्या दाव्यासारखेच होईल. मधुमेह असलेल्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांनी डॉक्टरांकडून पायाच्या धमन्या तपासून घेतल्याखेरीज ते बांधूच नये. रात्री काढून धुवावे, सावलीत वाळवावे, आणि ताण गेला की नवे घ्यावे.