बंदूक, स्वसंरक्षण आणि वकिलाची सोय



आपल्या कार्यक्षेत्रातील कितीतरी घरांतली पोरं नोकरीनिमित्त डोंबिवलीत राहतात. मागे एक ज्येष्ठ सभासद ऊसबिलाच्या चौकशीला आले आणि जाता जाता म्हणाले, “पोराच्या बिल्डिंगमध्ये दोनदा चोरी झाली. रानडुकरांसाठी घेतलेली माझी बंदूक त्याच्याकडे ठेवून येऊ का? आणि उद्या काही बरंवाईट झालंच, तर वकिलाच्या खर्चाचा विमा मिळतो का हो?” हा प्रश्न एकट्याचा नाही, म्हणून येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, बंदूक नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराण्याचा नव्हे. परवाना नसलेल्या पोराच्या हाती ती दिली, की बाप-लेक दोघेही गुन्ह्यात सापडतात. डोंबिवली ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. मुलाला हवीच असेल तर त्याने तिथे स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

दुसरी गोष्ट, स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण त्याला कुंपण आहे. पोलिसांची मदत मिळण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. नुसत्या चोरीसाठी कुणाचा जीव घेता येत नाही. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असावी लागते. पळत्या चोरावर गोळी झाडली, तर ते स्वसंरक्षण राहत नाही. शिवाय ही भीती होती हे कोर्टात आपल्यालाच दाखवावे लागते.

आता विमा. अमेरिकेत बंदूकधारी लोक वर्गणी भरून वकिलाची सोय करून ठेवतात. आपल्याकडे कुणी असं काही विकायला आलं, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा : फौजदारी खटला धरतात का? पैसे आधी देतात की निर्दोष सुटल्यावर? जाणूनबुजून केलेलं कृत्य वगळलंय का? उत्तर लेखी घ्या.

सामान्य माणसाचा खरा आधार १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचा आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कामगार, ठराविक उत्पन्नाच्या आतील लोक आणि अटकेत असलेली कोणतीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. डोंबिवलीकरांनी कल्याण कोर्टात चौकशी करावी, किंवा १५१०० वर फोन करावा. अटक झाली तर वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं, हे पोरांना सांगून ठेवा.

आमचं म्हणणं एवढंच, की आधी दाराला मजबूत कडी, जिन्यात दिवा, रात्रीचा पहारेकरी आणि अडचणीला ११२ नंबर. त्या सभासदांनी बंदूक घरीच ठेवली. पोराकडे जाताना सवलतीची साखर मात्र घेऊन गेले.