थ्रिलर (अल्बम)

थ्रिलर हा अमेरिकन गायक, गीतकार आणि नर्तक मायकेल जॅक्सन यांचा सहावा स्टुडिओ अल्बम आहे. एपिक रेकॉर्ड्स या कंपनीने तो नोव्हेंबर १९८२ च्या अखेरीस प्रकाशित केला. क्विन्सी जोन्स हे त्याचे निर्माते असून आपल्या स्वतःच्या रचनांपुरते जॅक्सन हे सहनिर्माते होते. नऊ गीतांचा आणि सुमारे ४२ मिनिटांचा हा अल्बम जगात सर्वाधिक विकला गेलेला अल्बम मानला जातो. विक्रीच्या आकड्यांइतकेच त्याचे ऐतिहासिक महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. त्या काळी अमेरिकेतील नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि लोकप्रियतेच्या याद्या यांत कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय कलावंतांचे संगीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले जात असे. हे कप्पे ओलांडण्याच्या उद्देशाने ‘थ्रिलर’ची आखणी झाली आणि तो उद्देश बऱ्याच अंशी सफल झाला.

पार्श्वभूमी

मायकेल जॅक्सन (जन्म २९ ऑगस्ट १९५८, गॅरी, इंडियाना) हे बालपणापासून आपल्या भावांसह ‘जॅक्सन फाइव्ह’ या वृंदात गात होते. ‘द विझ’ (१९७८) या चित्रपटाच्या निमित्ताने त्यांचा जोन्स यांच्याशी निकटचा परिचय झाला. जोन्स हे जॅझ संगीतात मुरलेले, चित्रपटसंगीताचा मोठा अनुभव असलेले संगीतकार व संयोजक होते. या दोघांचा पहिला अल्बम ‘ऑफ द वॉल’ ऑगस्ट १९७९ मध्ये प्रकाशित झाला. एकाच अल्बममधील चार गीते अमेरिकेच्या पहिल्या दहांत नेणारे जॅक्सन हे पहिले एकल कलावंत ठरले.

या यशानंतरही १९८० च्या ग्रॅमी पुरस्कारांत त्यांना एकच पुरस्कार मिळाला आणि तोही ‘रिदम अँड ब्लूज’ या विभागातील गायनासाठी. हा विभाग कृष्णवर्णीयांच्या संगीतपरंपरेसाठी राखलेला असे. ‘सर्वोत्कृष्ट अल्बम’सारख्या सर्वसाधारण विभागांत ‘ऑफ द वॉल’चा विचार झाला नाही. जॅक्सन यांना ही गोष्ट जिव्हारी लागली. पुढचा अल्बम असा करायचा की त्याच्याकडे कोणालाही दुर्लक्ष करता येऊ नये, असा निश्चय त्यांनी केला.

काळ मात्र अनुकूल नव्हता. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर डिस्को संगीताच्या तबकड्या जाहीरपणे स्फोटाने उडवून देण्यात आल्या होत्या. डिस्कोविरोधाच्या या लाटेत रॉक संगीत वाजवणाऱ्या अनेक नभोवाणी केंद्रांवर नृत्यप्रधान संगीताला, आणि ओघानेच कृष्णवर्णीय कलावंतांना, जवळजवळ मज्जाव झाला. ‘बिलबोर्ड’ या व्यवसायपत्राची कृष्णवर्णीय संगीताची यादी वेगळीच असे. त्यातच १९७९ पासून अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांचा धंदा मंदावला होता.

निर्मिती

ध्वनिमुद्रणास १४ एप्रिल १९८२ रोजी लॉस एंजेलिसमधील वेस्टलेक स्टुडिओत आरंभ झाला. अल्बमसाठी सुमारे साडेसात लाख डॉलर खर्चाची तरतूद होती. सुमारे ३० गीते विचारात घेऊन त्यांतून नऊ निवडण्यात आली. एक-दोन उत्तम गीते आणि उरलेली भरताड, अशी तत्कालीन अल्बमची सर्रास पद्धत होती. नऊपैकी प्रत्येक गीत स्वतंत्रपणे लोकप्रिय होईल असे असावे, हा जॅक्सन यांचा आग्रह होता. त्याच सुमारास जोन्स आणि जॅक्सन ‘ई.टी.’ या चित्रपटाच्या कथाकथनाच्या ध्वनिमुद्रिकेवरही काम करीत होते.

अल्बममधील गीते आणि त्यांचे रचनाकार पुढीलप्रमाणे :

१. वॉना बी स्टार्टिन समथिन – मायकेल जॅक्सन
२. बेबी बी माइन – रॉड टेंपर्टन
३. द गर्ल इज माइन – मायकेल जॅक्सन
४. थ्रिलर – रॉड टेंपर्टन
५. बीट इट – मायकेल जॅक्सन
६. बिली जीन – मायकेल जॅक्सन
७. ह्यूमन नेचर – स्टीव्ह पोर्कारो, जॉन बेटिस
८. पी.वाय.टी. (प्रिटी यंग थिंग) – जेम्स इंग्रॅम, क्विन्सी जोन्स
९. द लेडी इन माय लाइफ – रॉड टेंपर्टन

या निवडीत वेगवेगळ्या श्रोतृवर्गांचा विचार स्पष्ट दिसतो. ‘द गर्ल इज माइन’मध्ये जॅक्सन यांच्यासह बीटल्स वृंदातील पॉल मॅकार्टनी गायले आहेत. ‘बीट इट’ हे रॉक शैलीतील गीत जोन्स यांनी मुद्दाम करून घेतले आणि त्यातील गिटारच्या स्वतंत्र वादनासाठी हार्ड रॉकमधील नामांकित वादक एडी व्हॅन हेलन यांना बोलावले. त्यांनी या कामाचे मानधन घेतले नाही. साथीच्या वादकांत ‘टोटो’ या रॉक वृंदाचे अनेक सदस्य होते. ‘ह्यूमन नेचर’ त्यांच्याच एका ध्वनिफितीतून हाती आले : डेव्हिड पेच यांनी ऐकण्यासाठी पाठवलेल्या रचना संपल्यानंतर फीत तशीच चालू राहिली आणि तिच्या शेवटी असलेली पोर्कारो यांची अपुरी चाल जोन्स यांच्या कानी पडली. तिला शब्द पुढे बेटिस यांनी दिले.

शीर्षकगीताचे रचनाकार टेंपर्टन हे इंग्लंडमधील क्लीथॉर्प्सचे. या गीताचे नाव आरंभी ‘स्टारलाइट’ असे होते. विक्रीच्या दृष्टीने अधिक परिणामकारक नाव शोधताना ‘थ्रिलर’ पुढे आले. दाराची करकर, पावलांचा आवाज, लांडग्याचे विव्हळणे अशा ध्वनींनी त्यात भयकथेचे वातावरण उभे केले आहे. शेवटचे निवेदन भयपटांतील प्रसिद्ध अभिनेते व्हिन्सेंट प्राइस यांच्या आवाजात असून त्याचा काही भाग टेंपर्टन यांनी स्टुडिओकडे जाताना टॅक्सीत लिहिला.

‘बिली जीन’ आणि ध्वनिमिश्रण

‘बिली जीन’ हे गीत एका स्त्रीने आपल्या मुलाचे पितृत्व निवेदकावर लादल्यासंबंधीचे आहे. ढोलांचा ठेका, त्यावर येणारा खर्जातील गिटारचा पुनःपुन्हा घोळणारा स्वरसमूह आणि मग हळूहळू चढत जाणारी इतर वाद्ये, अशी त्याची बांधणी आहे. गाणे सुरू होण्यापूर्वीचा वाद्यखंड फार लांबतो, असे जोन्स यांचे मत होते. परंतु त्यामुळेच आपल्याला नाचावेसे वाटते, असे सांगून जॅक्सन यांनी तो राखला. ध्वनिअभियंता ब्रूस स्वीडियन यांनी ढोलांसाठी खास व्यासपीठ व आच्छादन तयार केले. काही ओळी जॅक्सन यांनी पुठ्ठ्याच्या लांब नळीतून गायल्या आहेत. स्वीडियन यांनी सांगितल्याप्रमाणे या गीताची ९१ मिश्रणे करून पाहण्यात आली आणि अखेरीस दुसरे मिश्रणच निवडले गेले.

ध्वनिमिश्रण म्हणजे स्वतंत्रपणे मुद्रित केलेले आवाज व वाद्ये योग्य प्रमाणात एकत्र करणे. शरद ऋतूत संपूर्ण अल्बम ऐकला गेला तेव्हा त्याचा नाद पोकळ आणि दुबळा वाटला. याचे एक कारण तबकडीच्या रचनेत होते. तबकडीवरील संगीत तिच्या वळणावळणाच्या खाचेत कोरलेले असते. ध्वनी मोठा, विशेषतः खर्जाचा असेल तर खाचेची आंदोलने रुंद होतात आणि तिला जागा अधिक लागते. एका बाजूवर जास्त मिनिटांचे संगीत बसवायचे तर खाचा दाटीने कोराव्या लागतात आणि त्यासाठी ध्वनीची पातळी, खर्जासह, कमी करावी लागते. नृत्यप्रधान संगीतात खर्ज दुबळा झाला की ठेक्याचा जोरच जातो. प्रकाशनाची तारीख जवळ आली असतानाही प्रकाशन थांबवून काही गीतांची लांबी कमी करण्यात आली. ‘द लेडी इन माय लाइफ’मधील एक कडवे गाळले गेले. त्यानंतर एकेका गीतास स्वतंत्र दिवस देऊन सर्व मिश्रणे नव्याने केली गेली. हे काम ८ नोव्हेंबर १९८२ रोजी संपले.

प्रकाशन आणि दूरचित्रवाणी

अल्बममधील पहिले स्वतंत्र गीत म्हणून ऑक्टोबर १९८२ मध्ये ‘द गर्ल इज माइन’ बाजारात आले आणि बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेले. सौम्य प्रकृतीचे हे गीत ऐकून अल्बमबद्दल काहींची निराशाही झाली. जानेवारी १९८३ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बिली जीन’ने चित्र पालटले. फेब्रुवारीच्या अखेरीस अल्बम अमेरिकेच्या यादीत प्रथम स्थानी पोहोचला.

ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झालेली एमटीव्ही ही संगीतवाहिनी त्या वेळी स्वतःला रॉकची वाहिनी म्हणवत असे आणि तिच्यावर कृष्णवर्णीय कलावंत अभावानेच दिसत. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांनी १९८३ मध्ये त्याच वाहिनीवरील मुलाखतीत याबद्दल जाब विचारला होता. ‘बिली जीन’ची स्टीव्ह बॅरन दिग्दर्शित चित्रफीत मार्च १९८३ मध्ये एमटीव्हीवर दाखवली जाऊ लागली. ती न दाखवल्यास आपल्या सर्व कलावंतांच्या चित्रफिती काढून घेऊ, अशी धमकी सीबीएस रेकॉर्ड्सचे प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ यांनी दिल्याचे सांगितले जाते. वाहिनीच्या तत्कालीन अधिकाऱ्यांनी मात्र ही हकिकत नाकारली आहे. कारण काहीही असो, प्रेक्षकांच्या प्रतिसादानंतर वाहिनीचे धोरण बदलले आणि इतर कृष्णवर्णीय कलावंतांनाही तेथे वाट मिळाली.

मोटाउन कंपनीच्या पंचविसाव्या वर्षानिमित्तच्या कार्यक्रमात जॅक्सन यांनी ‘बिली जीन’ सादर करताना प्रथमच ‘मूनवॉक’ ही पदन्यासाची तऱ्हा जाहीरपणे केली. पुढे चालत असल्याचा भास निर्माण करीत मागे सरकण्याची ही रीत त्यांच्या आधीच्या नर्तकांनाही ठाऊक होती. तिला जगभर पोहोचवण्याचे श्रेय जॅक्सन यांचे. १६ मे १९८३ रोजी प्रक्षेपित झालेला हा कार्यक्रम सुमारे ४ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी पाहिला.

शीर्षकगीताची जॉन लँडिस दिग्दर्शित, सुमारे १४ मिनिटांची चित्रफीत २ डिसेंबर १९८३ रोजी एमटीव्हीवर प्रथम दाखवण्यात आली. कथानक, रिक बेकर यांची रंगभूषा आणि मायकेल पीटर्स व जॅक्सन यांनी बसवलेले प्रेतांचे समूहनृत्य यांमुळे ती एखाद्या लघुचित्रपटासारखी झाली. खर्चाचा मोठा भाग तिच्या निर्मितीविषयीच्या माहितीपटाचे हक्क एमटीव्ही आणि शोटाइम या वाहिन्यांना विकून उभा करण्यात आला. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झालेली ती पहिली संगीत-चित्रफीत होय.

समीक्षकांचा प्रतिसाद आणि पुरस्कार

‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकातील परीक्षणात ख्रिस्तोफर कॉनेली यांनी अल्बमला पाचपैकी चार तारे दिले. ‘व्हिलेज व्हॉइस’ या पत्राने घेतलेल्या समीक्षकांच्या १९८३ च्या वार्षिक मतदानात ‘थ्रिलर’ हा सर्वोत्कृष्ट अल्बम आणि ‘बिली जीन’ हे सर्वोत्कृष्ट गीत ठरले.

नऊपैकी सात गीते स्वतंत्रपणे प्रकाशित झाली आणि ती सातही अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोहोचली. असे यापूर्वी कोणत्याही अल्बमच्या बाबतीत घडले नव्हते. अल्बम एकूण ३७ आठवडे प्रथम स्थानी होता आणि १९८३ व १९८४ अशी सलग दोन वर्षे अमेरिकेतील सर्वाधिक खपाचा ठरला.

२८ फेब्रुवारी १९८४ रोजी झालेल्या ग्रॅमी समारंभात जॅक्सन यांना एकाच रात्री आठ पुरस्कार मिळाले. त्यांपैकी सात ‘थ्रिलर’साठी आणि आठवा ‘ई.टी.’च्या कथाकथनासाठी होता. ‘सर्वोत्कृष्ट अल्बम’चा मान यांत होताच. पुरुष गायकांसाठीचे पॉप, रॉक आणि रिदम अँड ब्लूज या तिन्ही विभागांतील पुरस्कार अनुक्रमे ‘थ्रिलर’, ‘बीट इट’ आणि ‘बिली जीन’ या गीतांना मिळाले. चार वर्षांपूर्वी ज्या गायकाला एकाच विभागात बसवले गेले होते, त्याचा हा तिन्ही विभागांतील स्वीकार विशेष बोलका होता.

आक्षेप आणि वाद

‘वॉना बी स्टार्टिन समथिन’च्या अखेरीस येणारा समूहघोष कॅमेरूनचे सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो यांच्या ‘सोल मकोसा’ (१९७२) या रचनेवर आधारलेला होता. परंतु त्यांचा श्रेयोल्लेख नव्हता. दिबांगो यांनी दावा केला आणि १९८६ मध्ये न्यायालयाबाहेर आर्थिक तडजोड झाली.

कप्पे ओलांडण्याच्या या वाटेबद्दल कृष्णवर्णीय समाजातही मतभेद होते. समीक्षक नेल्सन जॉर्ज यांनी ‘द डेथ ऑफ रिदम अँड ब्लूज’ (१९८८) या ग्रंथात, सर्वसाधारण बाजारपेठेत शिरण्याच्या ओढीमुळे कृष्णवर्णीयांचे स्वतःचे संगीत, त्यांची नभोवाणी केंद्रे आणि त्यांचे व्यवसाय क्षीण होत गेले, असे प्रतिपादन केले. एका कलावंताला खुले झालेले दार संपूर्ण परंपरेला लाभदायक ठरते का, हा प्रश्न ‘थ्रिलर’च्या चर्चेत म्हणूनच आजही निघतो.

भारतातील प्रभाव

‘थ्रिलर’च्या चित्रफितीचे अनुकरण भारतीय चित्रपटांतही झाले. चिरंजीवी यांची भूमिका असलेल्या ‘दोंगा’ (१९८५) या तेलुगू चित्रपटातील भुतांचे समूहनृत्य हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरी क्रीडा संकुलात जॅक्सन यांचा जाहीर कार्यक्रम झाला. शिव उद्योग सेनेच्या मदतनिधीसाठी आयोजित केलेल्या या कार्यक्रमाला दिलेल्या करमणूक करमाफीवरून दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालला.

विक्री आणि वारसा

अल्बमची जगभरातील विक्री सुमारे ७ कोटी प्रती असल्याचा अंदाज आहे. अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये ३० वेळा ‘प्लॅटिनम’ प्रमाणपत्र मिळवणारा तो पहिला अल्बम ठरला आणि २०२१ मध्ये ही संख्या ३४ झाली. एक ‘प्लॅटिनम’ म्हणजे १० लाख प्रती. अमेरिकेपुरता विचार करता ‘ईगल्स’ वृंदाच्या निवडक गीतांच्या संकलनाने २०१८ मध्ये त्याला मागे टाकले आहे. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने सांस्कृतिक महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीतही ‘थ्रिलर’ची नोंद केली आहे. पंचवीस आणि चाळीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने अनुक्रमे २००८ आणि २०२२ मध्ये अल्बमच्या विशेष आवृत्त्या प्रकाशित झाल्या.