शेंगांच्या भट्टीची वाया जाणारी आच

सोलापुरात, अगदी भवानी पेठेसारख्या दाट वस्तीतही, शेंगा चटणी किंवा कडक भाकरी करणाऱ्या कुणाजवळ ऊर्जाबचतीचा विषय काढा. पहिलं उत्तर बहुधा हेच मिळतं: "आम्ही सगळे दिवे एलईडी केलेत की." केलेत ते चांगलंच. पण खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मोठा खर्च दिव्यांचा नसतो, उष्णतेचा असतो. एक लिटर पाणी उडवायला साधारण 0.7 युनिट उष्णता लागते. तेवढ्यात 20 वॉटची एलईडी ट्यूब 35 तास चालते.

कडक भाकरी टिकते ती तिच्यातलं पाणी गेल्यामुळे. ते सगळं तव्यावरच उडवायचं म्हटलं की सिलिंडर भराभर संपतात. शेकलेली भाकरी आधी जाळीवर वाळवली आणि शेवटचा कडकपणा तेवढा आचेवर आणला, तर बराच भार सोलापूरचं ऊन उचलतं. इथेच दुसरा गैरसमज आडवा येतो: सौर म्हणजे छतावरचं पॅनल. पॅनल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं. आपल्याला उष्णताच हवी असेल तर पारदर्शक झाकणाचा सौर वाळवणी कक्ष जास्त कामाचा. त्यात धूळ आणि माश्याही लागत नाहीत.

"आच मोठी केली की शेंगदाणे लवकर भाजतात" हे तर मी असंख्य वेळा ऐकलं आहे. दाण्यात उष्णता सावकाश शिरते. आच वाढवली की साल करपते, आतला दाणा कच्चा राहतो आणि उरलेली उष्णता ड्रमच्या कडेने बाहेर पडते. भट्टीच्या पत्र्याजवळ हात नेऊन बघा. चटका बसतो तो तुमच्याच गॅसचा. 100 अंशांवर तापलेला एक चौरस मीटर उघडा पत्रा तासाला सुमारे एक युनिट उष्णता हवेत सोडतो. त्यावर उष्णता अडवणारं सिरॅमिक ब्लँकेट आणि वरून त्याचे तंतू अन्नात जाऊ नयेत म्हणून घट्ट पत्रा, एवढ्याने ही गळती पुष्कळ कमी होते. शिवाय सकाळचा पहिला घाणा ड्रम तापवण्याचाही खर्च सोसतो. म्हणून दिवसभरात दोन-दोन तासांनी एकेक घाणा काढण्यापेक्षा सलग काढावेत.

प्लगला लावायची 'वीजबचत' डबी विकत घेऊ नका. तिच्यात बहुतेकदा एक कपॅसिटर असतो. छोट्या जोडणीचं बिल वापरलेल्या युनिटवर येतं, आणि ते युनिट त्या डबीने कमी होत नाहीत.

मोटारीबाबतही हिशेब उलटा केला जातो. जुनी मोटार पुन्हा वाइंडिंग करून घेतली की पैसे वाचले असं वाटतं. पण 5 अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराने रोज 8 तास, वर्षाचे 300 दिवस चालली तर 10,000 युनिटांहून जास्त वीज खाते. मोटारीच्या किमतीपेक्षा या विजेचं बिल कितीतरी मोठं, म्हणून खरा हिशेब कार्यक्षमतेचा. त्यामुळे नवी घेताना आयई-3 या उच्च कार्यक्षमतेच्या दर्जाची घ्यावी, आणि गरजेपेक्षा मोठी नको. अर्ध्याहून कमी भारावर तिची कार्यक्षमता घसरते. कांडप यंत्राचा सैल पट्टाही वीज खातो. तो ताणून घ्यायला पान्ह्याशिवाय काही लागत नाही.

आधी मोजमाप करा. आठवडाभर रोज सकाळी आणि संध्याकाळी गॅसचा सिलिंडर काट्यावर ठेवा, मीटरचं रीडिंग वहीत लिहा आणि त्याशेजारी त्या दिवशी भाजलेले किलो मांडा. ज्या दिवशी किलोमागे गॅस जास्त लागला, त्या दिवशी किती घाणे निघाले आणि ते सलग होते की तुटक, हे त्याच ओळीत टिपा.