कंबर मजबूत कशी होते? व्यायामशाळेतील साधने व त्यांचा योग्य वापर

कमरेत कधी उसण भरली नाही असा चाळिशी ओलांडलेला माणूस आपल्या वस्तीत शोधूनही सापडणे कठीण. पूर्वी हे दुखणे ओझी वाहणाऱ्याचे, बांधकामावर पाट्या उचलणाऱ्याचे किंवा दिवसभर शेतात ओणवे राहणाऱ्या बायाबापड्यांचे समजले जाई. आज ते कारकुनाचे आहे, रिक्षाचालकाचे आहे आणि अभ्यासिकेत दहा-दहा तास मान खाली घालून बसणाऱ्या विशीतल्या विद्यार्थ्याचेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते. माणसाला अपंगत्व आणणाऱ्या कारणांत या दुखण्याचा क्रमांक पहिला लागतो. ज्याच्या घरची चूल रोजंदारीवर पेटते त्याला याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

कंबर धरली की आपल्याकडे उपाय ठरलेले असतात. आधी तेल-मालिश, मग औषधाच्या दुकानातून आणलेला कमरेचा पट्टा, मग आठ-पंधरा दिवस अंथरूण आणि तरीही भागले नाही तर कमरेला वजने लावून ताण घेणे. यातील अंथरुणाचा मोह सर्वांत मोठा. १९८६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस, तर काहींना सात दिवस पडून राहण्यास सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी झाले आणि बरे होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्या कंबरदुखीमागे दुसरा कोणताही आजार नाही तिच्यासाठी नित्याचा उपाय म्हणून पट्टा वापरू नये, ताणही घेऊ नये आणि व्यायाम मात्र करावा, असे त्यांत आहे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. पट्ट्याला पैसे आहेत, व्यायामाला वेळ नाही!

तथापि व्यायाम म्हणजे कोणता, हा खरा प्रश्न आहे. कारण कंबर मजबूत करायला म्हणून व्यायामशाळेत गेलेला आणि कंबर धरून परत आलेला तरुण आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे. दोष साधनांचा नसतो. कमरेचे काम काय, हे न समजता साधन हाती घेतले जाते.

कमरेच्या भागात पाच मणके असतात. त्यांच्या वर बरगड्यांचा पिंजरा आहे, खाली ओटीपोटाची हाडे आहेत. मधल्या या पाच मणक्यांना मात्र बाजूने हाडाचा आधार नाही. मंडपाचा खांब जसा चारी बाजूंच्या तणाव्यांवर उभा राहतो, तसा हा कणा स्नायूंवर उभा असतो. मागे कण्यालगतचे लांब स्नायू, समोर पोटाचे उभे स्नायू, दोन्ही कुशींना तिरपे स्नायू, सर्वांत आत पोटाला वेढा घालणारा आडवा स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ आणि पाठीमागे नितंबांचे मोठे स्नायू. या सगळ्यांना मिळून जिमच्या भाषेत 'कोअर' म्हणतात. एकच तणावा ओढून घट्ट केला आणि बाकीचे ढिले राहिले तर खांब कलतो. केवळ पोटाचे व्यायाम करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

त्या आडव्या स्नायूविषयी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. निरोगी माणूस हात वर करतो तेव्हा हाताचे स्नायू हलण्याच्या क्षणभर आधीच पोटातील हा आडवा स्नायू आवळला जातो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा आवळला जाताना दिसला. म्हणजे निसर्गाने प्रत्येकाच्या पोटात पट्टा बांधूनच दिला आहे. काहींचा तो वेळेवर आवळला जात नाही, एवढेच.

मणक्यांच्या मधल्या गाद्यांवर किती भार येतो, हेही प्रत्यक्ष मोजले गेले आहे. जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवला होता. सरळ उभे असताना तेथील दाब १०० धरला, तर पाठीची कमान करून २० किलो वजन उचलताना तो सुमारे ४६० झाला. तेच वजन गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलले तेव्हा सुमारे ३४० आणि उचललेले वजन छातीशी धरून उभे राहिल्यावर २२०. वजन तेच, माणूसही तोच; फरक फक्त उचलण्याच्या रीतीचा.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कमरेचे मुख्य काम वाकणे हे नसून भार आला असता आपल्या जागी स्थिर राहणे हे आहे. वाकण्यासाठी खाली खुब्याचे मोठे सांधे दिलेले आहेत. तेव्हा कमरेला शिकवायचे ते स्थिर राहायला, आणि तेही पुष्कळ वेळ. डेन्मार्कमधील फिन बिअरिंग-सोरेन्सन यांनी १९८४ साली नऊशेहून अधिक स्त्री-पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. माणसाला टेबलावर पालथे झोपवायचे, पाय बांधायचे, कमरेपासून वरचे धड टेबलाबाहेर अधांतरी ठेवायचे आणि ते किती सेकंद आडवे धरता येते ते पाहायचे. ज्या पुरुषांना हे अधिक वेळ जमले त्यांना पुढील वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचे प्रमाण कमी आढळले. येथे महत्त्व टिकाव धरण्याला आहे, एका दमात मोठे वजन उचलण्याला नाही.

आता साधनांकडे वळू. कोणत्याही जिममध्ये कोपऱ्यात एक तिरका बाक असतो, त्याला मुले 'हायपर' म्हणतात. कमरेसाठी याच्याइतके उपयुक्त साधन दुसरे नाही आणि याच्याइतका गैरवापरही दुसऱ्या कशाचा होत नाही. घोटे रबरी रुळांखाली अडकवावेत. गादीची वरची कड जांघेच्या घडीच्या किंचित खाली यावी. ती पोटावर आली तर खुब्यातून वाकताच येत नाही आणि सगळा ताण कमरेवर पडतो. हात छातीवर घडी घालून, पाठ सरळ ठेवून खुब्यातून खाली जावे आणि नितंब आवळून टाचेपासून डोक्यापर्यंत एक सरळ रेषा होईल इतकेच वर यावे. त्या रेषेत दहा सेकंद थांबावे, श्वास चालू ठेवावा. आमचे तरुण मित्र छातीशी दहा किलोची प्लेट धरून धनुष्यासारखे मागे वाकतात. त्या मागे वाकण्याने स्नायूला काही मिळत नाही, मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर मात्र भार येतो. प्लेट नंतर घ्यावी. आधी सरळ रेषेत एक मिनिट तग धरून दाखवावा.

दुसरे साधन कप्पीचे, म्हणजे केबलचे. कप्पी छातीच्या उंचीवर आणावी, यंत्राकडे कूस करून उभे राहावे, मूठ दोन्ही हातांनी छातीशी धरावी आणि हात सरळ समोर लांब करावेत. वजन आपल्याला यंत्राकडे वळवू पाहते. आपण वळायचे नाही. पाच-सात सेकंद थांबून हात परत आणावेत आणि नंतर दुसऱ्या कुशीने तेच करावे. बघणाऱ्याला यात व्यायाम दिसतच नाही, म्हणून तो फारसे कोणी करत नाही. परंतु कुशीचे तिरपे स्नायू यात जितके राबतात तितके कंबर गरगर फिरवणाऱ्या यंत्रात राबत नाहीत. सुरुवातीला पाच किलो पुष्कळ झाले.

तिसरे साधन सर्वांत साधे, एक डंबेल. ते एका हातात घेऊन, खांदे समपातळीत ठेवून वीस-पंचवीस पावले ताठ चालावे आणि हात बदलून परत यावे. टँकरच्या रांगेतून एका हाताने भरली बादली आणणाऱ्या आपल्या आया-बहिणी हेच करीत आल्या. फरक इतकाच, की त्यांना हात बदलायची व थांबायची सोय नव्हती.

वजन जमिनीवरून उचलण्याचा व्यायाम, म्हणजे डेडलिफ्ट, अनेकांना धोक्याचा वाटतो. आमच्या मते तो शिकलाच पाहिजे. कारण सिलिंडर, धान्याचे पोते किंवा लहान मूल उचलणे कोणाला चुकले आहे? मात्र प्रारंभ लोखंडाने करू नये. एक साधी काठी पाठीवर उभी धरावी. ती डोक्याला, दोन्ही खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली राहील अशा बेताने गुडघे थोडे सैल सोडून, नितंब मागे ढकलत वाकावे. काठी एका जागी जरी सुटली तरी आपण कमरेतून वाकलो असे समजावे. आपल्या भाषेत कोणत्याही वाकण्याला 'कमरेत वाकणे' म्हणतात, त्यामुळे खुब्यातून वाकणे ही निराळी क्रिया आहे हे समजायलाच दोन-चार दिवस जातात. ते जमल्यावर दोन पायांच्या मध्ये ठेवलेले आठ-दहा किलोचे वजन उचलावे.

राहता राहिले सिटअप्स. पाय अडकवून पाठीवरून उठून बसण्याच्या या प्रकारात प्रत्येक वेळी कमरेच्या मणक्यांवर ३०० किलोहून अधिक दाब येतो, असे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांच्या प्रयोगांतून दिसले. अमेरिकेच्या भूदलात १९८० पासून चालत आलेली दोन मिनिटांच्या सिटअप्सची परीक्षा २०२२ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी कोपरे व पायांची बोटे टेकवून शरीर फळीसारखे धरण्याचा प्लँक आला. सिटअप्सनी नेमकी पोटावरचीच चरबी उतरते हा समजही खरा नाही. प्लँक आणि एका कुशीवर धरायचा प्लँक यांना साधन म्हणून एक सतरंजी पुरते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींनी हे दोन प्रकार अवश्य करावेत. गोळा हाताने फेकला जातो असे दिसते, पण त्याचा जोर पायांतून निघून धडातून हाताकडे जातो.

महानगरपालिकांच्या बागांतून आता खुल्या व्यायामशाळा झाल्या आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तेथील गोल फिरणाऱ्या चकतीवर उभे राहून कंबर दोन्हीकडे झटक्याने वळवणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना पाहून आम्हाला काळजी वाटते. ज्यांची गादी सरकली आहे त्यांनी त्या चकतीपासून दूर राहावे. चालण्याचे यंत्र त्यांना अधिक चांगले.

वेळेचाही एक मुद्दा आहे. रात्रभर झोपेत मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणूनच सकाळी आपली उंची किंचित जास्त भरते. अशा फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण अधिक येतो. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सकाळी उठल्यावर पुढे वाकणे टाळणाऱ्या कंबरदुखीच्या रुग्णांना आराम पडल्याचे दिसले. आपली मुले मात्र पहाटे पाचला उठतात आणि साडेपाचला पायाचे अंगठे धरतात. उठल्यापासून तासभर तरी खूप वाकू नये. आधी चालावे, घरातली कामे करावीत.

आठवड्यातून तीन दिवस, दिवसाआड, वीस मिनिटे एवढे पुरेसे आहे. दहा सेकंदांची एक खेप, अशा सहा-आठ खेपा. आधी खेपा वाढवाव्यात, मग वजन. फरक जाणवायला दीड-दोन महिने लागतात. स्नायू दुसऱ्या दिवशी ठणकले तर चिंता नाही. परंतु व्यायाम करताना कळ कमरेतून पायात उतरू लागली तर त्याच क्षणी थांबावे. बाळंतपण झालेल्या भगिनींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरुवात करावी.

काही दुखणी व्यायामाची नव्हेतच. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेच्या आतील व बसण्याच्या जागेला बधिरपणा येणे, चालताना पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते. बारीक ताप, वजन घटणे आणि रात्री झोपेतही न थांबणारी कंबरदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग नाही ना याची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. असे दुखणे 'उसण' म्हणून महिनोन्महिने चोळत बसू नये.

सभागृहालगतच्या खोलीत छोटी व्यायामशाळा काढण्याचा विचार अनेक मंडळे करतात आणि पहिला खर्च आरशांवर व भारी यंत्रांवर होतो. कमरेपुरते बोलायचे तर एक तिरका बाक, वर-खाली सरकणारी एक कप्पी, पाच ते वीस किलोपर्यंतच्या डंबेल्सच्या जोड्या, चार-सहा सतरंज्या आणि दोन काठ्या यांत काम भागते. बाक घेताना गादी वर-खाली करता येते का आणि रूळ घोट्यांच्या मापाने हलतात का, हे उंच माणसाला व शाळकरी मुलीला अशा दोघांनाही त्यावर चढवून पाहावे आणि मगच पैसे मोजावेत.