घरांतील अवरक्त स्वेदपेटी : घ्यावी कीं न घ्यावी, आणि घ्यावयाची तर कशी?

वैशाखांत भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळूं लागला म्हणजे वैनगंगेकांठचा मनुष्य घाम येऊं नये म्हणून काय काय खटपट करतो! वाळ्याचे पडदे, कूलर, दुपारीं बंद केलेलीं दारें, पन्हें आणि ताक. अशा जिल्ह्यांत घाम काढण्याची पेटी विकत घेण्याचा बेत कोणीं बोलून दाखविला तर ऐकणाराला प्रथम हसूं यावें हें स्वाभाविक आहे. तथापि वर्षाचे बाराही महिने वैशाखाचे नसतात. आषाढापासून सुरू होणारा ओलावा, पौषांतील पहाटेचा गारठा आणि त्यांत आंखडणारे वडीलधाऱ्या माणसांचे सांधे हेंही भंडाऱ्यांतलेंच वास्तव आहे. आणि नागपुरास व्यायामशाळांतून व आरोग्यगृहांतून पाहिलेली वस्तु आपल्याही घरीं असावी असें सुस्थितींतील कुटुंबास वाटूं लागणें ह्यांत नवल नाहीं. वस्तु लाखाच्या घरांतील, म्हणून ती घेण्यापूर्वीं तिचें स्वरूप नीट समजून घेणें अवश्य आहे.

स्वेदनाची कल्पना ह्या देशाला परकी नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौदावा अध्याय सबंध ह्याच विषयाला वाहिलेला आहे. त्यांत अग्नीच्या साहाय्यानें करावयाचे तेरा स्वेद आणि अग्नीवांचून होणारे दहा सांगितले आहेत. ह्या दहांत व्यायाम, जाड पांघरूण, भूक, भय, क्रोध ह्यांच्या पंक्तीला ऊन्हही बसविलें आहे. म्हणजे भंडाऱ्याच्या मे महिन्याची सोय ग्रंथकारानें आधींच लावून ठेविली म्हणावयाची! तेरांपैकीं जेंताक नांवाचा स्वेद मात्र मोठा पाहण्यासारखा आहे. तळ्याच्या कांठीं चांगली जमीन पाहून वाटोळी खोली बांधावयाची, ती मातीनें लिंपावयाची, तिला पुष्कळ झरोके ठेवावयाचे, आंतून भिंतीला लागून बसण्यासाठीं ओटा फिरवावयाचा आणि मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची मातीची भट्टी उभारावयाची. तींत खैराचीं किंवा अश्वकर्णाचीं लांकडें पेटवून, धूर पुरता निघून गेला म्हणजे तेल लावलेल्या रोग्यानें आंत शिरावयाचें. फिनलंडमधील सौना, ज्याच्या परंपरेची नोंद युनेस्कोनें २०२० सालीं आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत केली, तो ह्याहून फारसा निराळा नाहीं. दोन्हींकडे तापलेली हवा आणि तापलेल्या भिंती माणसाला शेकतात.

अवरक्त पेटीची रीत थोडी वेगळी आहे. विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदानें १८०० सालीं सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्यांत उष्णतामापक ठेवून पाहिले, तेव्हां तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं तेथें, पारा अधिक चढलेला आढळला. हेच अवरक्त किरण. चुलीसमोर बसलें असतां तोंडाला लागणारी धग ती ह्यांचीच. अमेरिकेंत डॉ. जॉन हार्वी केलॉग ह्यांनीं विजेच्या दिव्यांनीं आंतून मढविलेली पेटी तयार केली आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत ती लोकांस दाखविली. तेव्हां आजची पेटी अगदींच नवा शोध आहे असें नव्हे. फिनिश सौनांत हवा ८० ते १०० अंशांपर्यंत तापवितात. अवरक्त पेटींत ती ४५ ते ६० अंशांवर राहते, कारण किरण हवेपेक्षां अंगालाच अधिक तापवितात. वृद्धांना व गुदमरण्याची धास्ती असणाऱ्यांना ही पेटी सोसते ती ह्याचमुळें.

येथपर्यंत विक्रेत्याचें म्हणणें खरें. ह्यापुढें मात्र कान टवकारून ऐकावें. हे किरण दीड-दोन इंच खोल शिरतात असें जाहिरातींत सर्रास म्हटलेलें असतें. वस्तुतः दूर-अवरक्त किरण कातडीच्या वरच्या थरांतच, एक मिलिमीटर जाण्यापूर्वींच, शोषले जातात. पुढची ऊब रक्त वाहून नेतें. घामावाटे शरीरांतील विषें निघून जातात हेंही तसेंच. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. विषें काढण्याचें काम यकृत आणि मूत्रपिंडें करतात. पेटींतून उठल्यावर तराजूवर जें वजन घटलेलें दिसतें तें दोन पेले पाणी पितांच परत येतें. तिसरी हातचलाखी अधिक सूक्ष्म आहे. फिनलंडमधील कुओपिओ येथील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची सुमारें वीस वर्षें पाहणी होऊन, वारंवार सौना घेणाऱ्यांत हृदयविकारानें अकस्मात् मरण येण्याचें प्रमाण कमी आढळलें, असा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु ती पाहणी तापल्या हवेच्या फिनिश सौनाची होती; तिचें श्रेय अवरक्त पेटीनें घेणें म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाच्या परीक्षेचे पेढे आपण वांटणें होय. अवरक्त उष्णतेचा आदरणीय प्रयोग म्हणून जपानांतील कागोशिमा येथील डॉ. तेई ह्यांच्या ‘वाओन’ उपचाराचें नांव घ्यावें. तेथें हृदय दुर्बळ झालेल्या रोग्यांना ६० अंशांवर १५ मिनिटें बसवितात, मग अर्धा तास पांघरुणांत निजवितात, आणि घटलेल्या वजनाइतकें पाणी पाजतात. हें सारें वैद्यांच्या देखरेखीखालीं होतें, ही गोष्ट जाहिरातींत बहुधा गळते. स्नायूंचा शीण उतरणें, आंखडलेले सांधे तात्पुरते मोकळे होणें, झोंप बरी लागणें, एवढीच अपेक्षा घरच्या पेटीपासून ठेवावी.

भंडाऱ्याच्या कुटुंबानें पेटीच्याही आधीं चौकशी करावयाची ती घरांतील रक्ताची. पूर्व विदर्भांत, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या पट्ट्यांत, सिकलसेल हा आनुवंशिक विकार पुष्कळ कुटुंबांत आढळतो. ह्यांत प्राणवायु कमी पडला कीं तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवितात. त्यांतून उठणाऱ्या वेदना ज्यांनीं पाहिल्या त्यांना त्या सांगावयास नकोत. शरीरांतील पाणी आटणें हें अशा झटक्याचें एक प्रमुख निमित्त आहे. मग अर्धा तास घाम गाळणारी पेटी अशा रोग्यासाठीं औषध कशी ठरेल? दुखऱ्या सांध्यांना ऊब बरी वाटते म्हणून त्यास प्रेमानें पेटींत बसविणारें माणूसच त्याला संकटांत लोटण्याचा संभव आहे. ज्यांच्यांत केवळ वाहकाचें लक्षण असतें ते एरवीं निरोगी असतात. परंतु पाणी आटूं न देण्याची दक्षता त्यांनींही बाळगावी. देशांत ह्या विकाराच्या निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली असून सरकारी रुग्णालयांतून रक्ताची तपासणी होते. ती आधीं करून घ्यावी, पेटीचा बयाणा मागाहून द्यावा. गर्भिणी, ज्वर आलेला, मद्य घेतलेला, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असलेला, मधुमेहानें पायांची संवेदना गेलेला, ह्यांनींही डॉक्टरांना विचारल्यावांचून आंत पाऊल ठेवूं नये. गर्भिणी, मद्यपी व मधुमेही ह्यांना चरकानेंही स्वेदनांतून वगळलें आहे.

आतां विजेचा प्रश्न. एका माणसाच्या पेटीला सामान्यतः दीड ते दोन हजार वॅट लागतात. २३० व्होल्टवर दोन हजार वॅट म्हणजे जवळ जवळ नऊ अँपिअर. पंख्या-दिव्याच्या लहान प्लगावर ती चालवूं नये. तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, मीटरपासून निराळी तांब्याची जाड तार, खरें अर्थिंग आणि वीज गळतांच ३० मिलिअँपिअरवर तुटणारा स्विच हवा. जुन्या वाड्यांत अर्थिंगची तार भिंतींत कोठें तरी संपलेली असते, म्हणून तारतंत्र्याकडून ती मोजवून घ्यावी. पुरवठ्याचा दाब १९० व्होल्टपर्यंत उतरला तर दोन हजार वॅटची पेटी चौदाशेंहूनही कमी वॅट घेते आणि तापतां तापत नाहीं. मग लोक यंत्राला दोष देतात. खर्च फार नाहीं. तापण्यास वीस मिनिटें व बसण्यास पंचवीस धरलीं तर एका वेळेला सुमारें दीड युनिट.

तापकांत कार्बनचे रुंद पत्रे आणि चिनी मातीच्या कांड्या असे दोन प्रकार मिळतात. पत्रे मंद व सर्वत्र सारखे तापतात. कांड्या अधिक तापून एकाच जागीं चटका देतात. घरासाठीं पत्रे बरे. लांकूड भरीव आहे कीं दाबलेल्या भुश्याचें, हें विचारण्यापेक्षां नाकानें ठरवावें: पेटी पुरती तापवून दार लावून पांच मिनिटें बसावें; डोळे चुरचुरले किंवा डिंकाचा उग्र वास आला तर ती घेऊं नये. विदर्भांत वाळवीचें भय असल्यानें पेटी भिंतीपासून सुटी व जमिनीपासून उचललेली असावी, आणि पावसाळ्यांत ती वापरांत नसली तरी आठवड्यांतून एकदां रिकामीच तापवावी, नाहींतर श्रावणांत आंत बुरशी धरते. दुरुस्तीचा माणूस नागपुराहून येईल कीं त्याहून लांबून, हें पावती फाडण्यापूर्वीं लिहून घ्यावें.

दार बाहेर उघडणारें, कडीवांचूनचें, नुसत्या धक्क्यानें सुटणारें पाहिजे. जेंताकांत भोंवळ आली तरी ओटा सोडूं नये, त्याच्याच आधारानें चांचपडत दारापर्यंत यावें, अशी सूचना आहे; दार न सांपडण्याचें भय त्या वेळींही ठाऊक होतें. पहिल्या आठवड्यांत दहा मिनिटांवर जाऊं नये, आणि घरांत दुसरें कोणी जागें असल्यावांचून बसूं नये. बाहेर आल्यावर एकदम थंड पाणी अंगावर घेऊं नये, मुहूर्तभर, म्हणजे पाऊण तासाहून किंचित् अधिक, विसावा घेऊन मग कोमट पाण्यानें न्हावें, हा चरकाचा क्रम. कागोशिमाचा अर्धा तास त्याच्या जवळपासच येतो. भंडाऱ्यांत हा विसावा पांघरुणांत घ्यावा कीं पंख्याखालीं, ह्याचें उत्तर पंचांगांतील महिना पाहून द्यावें.