सफरचंदाचा ‘क्रिस्प’

परदेशी पक्वान्नांविषयीं आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत. एक अशी, कीं तीं अंड्यावांचून होत नाहींत. आणि दुसरी अशी, कीं तीं करण्यास भट्टी, सांचे व कसबी हात लागतो. अमेरिकेंत घरोघर होणारा ‘ॲपल क्रिस्प’ या दोन्ही समजुती खोट्या पाडतो. त्यांत अंडें नाहीं; पीठ मळणें नाहीं कीं लाटणें नाहीं; आणि सारें काम एका बिडाच्या तव्यांत उरकतें. खालीं मऊ शिजलेलें आंबटगोड फळ आणि वर भाजलेला खुसखुशीत चुरा, एवढेंच त्याचें स्वरूप. ‘क्रिस्प’ या शब्दाचा अर्थच कुरकुरीत असा आहे. परंतु नांवांतला गुण ताटांत उतरतोच असें नाहीं. पुष्कळदां त्याचा गोड लगदा होतो. तसें कां होतें व तें कसें टाळावें, हें सांगणें हा या लेखाचा हेतु आहे.

हा पदार्थ वाटतो तितका जुना नाहीं. फॅनी फार्मर या विदुषीचें पाकशास्त्रावरील पुस्तक १८९६ सालीं बोस्टन येथें निघालें व अमेरिकेंत अतिशय गाजलें; त्याच्या पहिल्या आवृत्तींत ‘क्रिस्प’ सांपडत नाहीं. १९२४ सालच्या छापील पुस्तकांत मात्र तो आढळतो. सफरचंदाचा ‘पाय’ तेथें त्याच्या कितीतरी आधींपासून होत असे. पाय म्हणजे मैद्याची लोणीदार पारी लाटून तींत फळ भरावयाचें व भाजावयाचें. त्या पारीस लोणी फार लागतें आणि कौशल्य त्याहून अधिक. क्रिस्पांत ती पारी जाऊन तिच्या जागीं नुसता चुरा आला. इंग्लंडांतील त्याचा भाऊबंद म्हणजे ‘क्रंबल’. दुसऱ्या महायुद्धांत, ८ जानेवारी १९४० पासून, तेथें लोणी व साखर मापून मिळूं लागली आणि अन्नाचें हें नियंत्रण १९५४ पर्यंत पुरतें उठलें नाहीं. त्या टंचाईंत थोड्या लोण्यांत व थोड्या पिठांत होणारा क्रंबल लोकप्रिय झाला. सारांश, हें पक्वान्न काटकसरीच्या घरांत वाढलेलें आहे.

आतां फळाकडे वळूं. आपल्या बाजारांत लाल, निमुळत्या बुडाचें जें सफरचंद येतें, तेंही मूळचें अमेरिकेंतलेंच. फिलाडेल्फियाचे सॅम्युएल स्टोक्स हे १९०४ सालीं हिंदुस्थानांत आले व सिमल्याच्या पलीकडे कोटगडास स्थायिक झाले. १९३२ सालीं त्यांनीं हिंदुधर्म स्वीकारून सत्यानंद हें नांव घेतलें. १९१६ च्या सुमारास त्यांनीं अमेरिकेंतून ‘डेलिशस’ जातीचीं कलमें आणून लाविलीं आणि हिमाचलांतील सफरचंदांच्या व्यापाराचा पाया घातला. ही जात कच्ची खाण्यास गोड; पण तींत आंबटपणा बेताचा, आणि शिजवितांना तिच्या फोडी लवकर विरतात. म्हणून अमेरिकन गृहिणी क्रिस्पासाठीं ‘ग्रॅनी स्मिथ’ हें हिरवें, टणक व आंबट फळ पसंत करितात. तें मिळाल्यास निम्मीं हिरवीं व निम्मीं लाल घ्यावीं. न मिळाल्यास लिंबाचा रस सढळ हातानें घालावा. भावप्रकाशकारांनीं सेव म्हणजे मुठीएवढें बोर असें म्हटलें आहे. बोराची गोडी त्याच्या आंबटपणावर उभी असते, हें आपणांस ठाऊकच आहे, सफरचंदाचेंही तसेंच.

घरांत कोणी आजारी असला म्हणजे समाचारास येणारा प्रत्येक जण सफरचंदें आणतो. दोन खाल्लीं जातात आणि उरलेलीं टोपलींत सुरकुततात. अशीं सुरकुतलेलीं, पिठूळ झालेलीं फळें क्रिस्पास खुशाल वापरावीं. बुरशी आलेलें किंवा सडलेलें फळ मात्र टाकून द्यावें. त्यांत पॅट्युलिन नांवाचें विष असूं शकतें व तें शिजविल्यानें पुरतें जात नाहीं.

साहित्य (सहा ते आठ माणसांस) : सफरचंदें १ किलो, साखर ५० ग्रॅम, एका लिंबाचा रस, दालचिनीची पूड अर्धा चमचा, पीठ १ मोठा चमचा. चुऱ्यासाठीं : ओट ९० ग्रॅम, मैदा किंवा कणीक ६० ग्रॅम, चिरलेला गूळ किंवा तांबूस साखर ८० ग्रॅम, थंड लोणी ८५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, मूठभर अक्रोड. लोण्याऐवजीं तूप घेणें झाल्यास ७० ग्रॅम पुरे. कारण बाजारी लोण्यांत सहावा हिस्सा पाणी असतें, तुपांत तें नसतें.

तवा बिडाचा, जाड, उभ्या कांठाचा व सुमारें १० इंच व्यासाचा असावा. अमेरिकेंत यास ‘स्किलेट’ म्हणतात. बीड सावकाश तापतें, पण तापलें कीं उष्णता धरून ठेवतें. शिवाय मूठही बिडाचीच असल्यानें तवा चुलीवरून थेट भट्टींत जातो.

कृति : पीठ, ओट, गूळ व मीठ एकत्र करून त्यांत लोणी बोटांच्या टोकांनीं चोळावें. तळहात लावूं नये, त्याच्या उबेनें लोणी वितळतें. करंजीच्या पिठास आपण मोहन घालतों त्यांतलेंच हें तत्त्व आहे : स्निग्ध पदार्थाचा लेप बसला म्हणजे पिठास चिवटपणा येत नाहीं. मुठींत दाबल्यास मुटका वळावा व बोट लावतांच फुटावा. मग अक्रोड मिसळावे.

फळें सोलून पाव इंच जाडीच्या फोडी कराव्या व लगेच लिंबाचा रस लावावा. तव्यांत चमचाभर लोणी घालून फोडी, साखर, दालचिनी व चमचाभर पीठ मध्यम आंचेवर सहा ते आठ मिनिटें परतावें. सुटलेला रस दाट होऊं लागला कीं वर चुरा पसरावा आणि १८० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टींत २५ ते ३० मिनिटें ठेवावा. चुरा तांबूस झाला व कडेनें रसाचे बुडबुडे आले म्हणजे झालें. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटें थांबावें. तेवढ्या अवधींत रस आळतो.

ज्यांच्या घरीं भट्टी नाहीं, त्यांनीं क्रम उलटा करावा. त्याच तव्यांत प्रथम ओट, पीठ व अक्रोड तुपावर मंद आंचेनें बदामी भाजावे. तवा उतरल्यावर गूळ व मीठ मिसळून ताटांत पसरून ठेवावें. निवतांना तें कुरकुरीत होतें. मग तव्यांत फोडी शिजवाव्या आणि वाढतेवेळीं वर चुरा घालावा.

लगदा होण्याचीं कारणें तीन. रस आटण्यापूर्वींच चुरा घालणें. चुऱ्यावर झांकण ठेवणें, ज्यानें वाफेचें पाणी परत त्यावरच गळतें. आणि वाढण्याच्या फार आधीं दोहोंची गांठ घालणें. व्याकरणांत दोन वर्ण निकट आले कीं संधि होतो आणि मूळ रूपें पालटतात. येथें तो संधि वाटींत व्हावा, तव्यांत होऊं नये.

काम झाल्यावर उरलेलें फळ तव्यांत ठेवूं नये. आम्लानें बिडावरील तेलाचा थर सुटतो व अन्नास लोखंडाची चव लागते. तवा धुऊन, कोरडा करून, तेलाचा हात फिरवून ठेवावा.

एकत्र कुटुंबास भट्टीच्या कृतीपेक्षां दुसरी कृतीच अधिक सोयीची, आणि तिचें कारण केवळ भट्टीचा अभाव हें नव्हे. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरीं मुलें आधीं जेवतात, मग पुरुष, आणि जिनें रांधलें ती सर्वांच्या शेवटीं. एकदां चुरा घातलेला क्रिस्प तासाभरांत मऊ पडूं लागतो. म्हणजे जिच्या हातानें तो झाला तिच्याच वाट्यास त्याचा लगदा यावयाचा. चुरा निराळ्या डब्यांत राखला तर दांत नसलेल्या आजोबांस नुसतें मऊ फळ मिळतें, मुलांस हवा तितका चुरा मिळतो, आणि शेवटच्या पानावरही तो पहिल्या पानाइतकाच कुरकुरीत असतो. सर्वांनीं एका वेळीं जेवावयास बसावें हें उत्तमच. पण तें घडेपर्यंत एवढी व्यवस्था तरी प्रत्येक घरानें करावी.